कोलाडची पाटी आणि तिचे बोधचिन्ह

रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यातील कोलाड हे मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव कुंडलिका नदीतील राफ्टिंगमुळे, म्हणजे रबरी तराफ्यातून खळाळत्या प्रवाहात केल्या जाणाऱ्या जलसफरीमुळे, महाराष्ट्रभर ओळखले जाते. या सफरींच्या आधाराने उभ्या राहिलेल्या छोट्या व्यवसायांपुढे, मग तो तंबूनिवास असो की खानावळ, बोधचिन्हाचा प्रश्न काहीसा चमत्कारिक रूपात येतो, कारण ग्राहकाला ओढून आणणारे नाव गावाचे असते आणि त्या नावावर कोणा एकाची मालकी सहसा प्रस्थापित होत नाही.

व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम ९ नुसार मालाचा किंवा सेवेचा केवळ प्रकार, गुण अथवा भौगोलिक उगम सांगणारे चिन्ह नोंदणीस अपात्र ठरते. अर्जापूर्वीच्या वापराने त्याला वेगळी ओळख लाभली असेल तरच अपवाद होतो. ‘कोलाड राफ्टिंग’ हे शब्द स्थळ आणि सेवा यांपलीकडे काहीच सांगत नाहीत, आणि ते चित्रात गुंफून नोंदवले तरी कलम १७ प्रमाणे हक्क मिळतो तो संपूर्ण चिन्हावर, त्यातील सामाईक शब्दांवर नव्हे. (अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला लाभलेले भौगोलिक मानांकन ही याच्या उलट व्यवस्था होय, तेथे स्थळनामच संरक्षित होते, पण ते उत्पादकांच्या समूहासाठी.)

शब्द सामाईक असल्यामुळे वेगळेपणाचा भार चित्रावर आणि अक्षरावर पडतो. लाट आणि वल्हे ही जोडी हृषीकेशलाही तितकीच शोभेल. कुंडलिकेचे खरे वैशिष्ट्य असे की तिचा राफ्टिंगयोग्य प्रवाह भिरा येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असतो, ते पाणी मुळशी धरणातून येते, आणि म्हणून सफरीची वेळ पाणी सुटण्याशी बांधलेली राहते. नदीला वेळापत्रक असणे ही कल्पना चिन्हकाराला लाटेपेक्षा कितीतरी अधिक देऊ शकते.

तरीही अक्षरचिन्ह, म्हणजे चित्राऐवजी नावाच्या वळणदार लेखनातूनच घडवलेले बोधचिन्ह, हाच मार्ग येथे अधिक भरवशाचा वाटतो. मराठी नाटकांची शीर्षके रेखाटणारे कमल शेडगे यांनी अक्षराचे वळणच कलाकृतीची ओळख कसे बनते हे दाखवून दिले. देवनागरीत मात्र उंचीचा हिशेब वेगळा असतो: ‘कुंडलिका’ या नावात पहिल्याच अक्षराला खाली उकार आणि वर अनुस्वार येतो, त्यामुळे ठरावीक उंचीच्या पट्टीत मूळ अक्षर आक्रसते, आणि जीवरक्षक जाकिटावर स्क्रीन प्रिंटिंगने छापताना बारीक अनुस्वार नाहीसा होण्याचा धोका राहतो. महामार्गावरील पाटीला वाचनाच्या वेळेचीही मर्यादा असते: ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. तीन सेकंदांत पाटी वाचायची तर ती ५० मीटरांवरूनच कळली पाहिजे, हे लक्षात घेतले की फ्लेक्सवर कोंबलेली छायाचित्रे आणि चार-पाच भ्रमणध्वनी क्रमांक निरुपयोगी ठरतात. शिवाय महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही देवनागरी मराठी नामफलक बंधनकारक झाला असून त्यावरील मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. तेव्हा रोमन चिन्ह आधी आखून मराठी मागाहून चिकटवणे व्यवहारातही तोट्याचे आहे. हाताने रेखाटन करवून घेणे परवडत नसेल तर ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा टंक विनामूल्य मिळतो.

व्यापारचिन्हाची नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. राफ्टिंगसारख्या क्रीडासेवा वर्ग ४१ मध्ये आणि निवास-भोजन वर्ग ४३ मध्ये मोडत असल्याने दोन्ही देणाऱ्याला दोन्ही वर्गांचे शुल्क भरावे लागते. त्याहून दुर्लक्षित बाब रेखाटनाच्या मालकीची आहे. डीटीपी केंद्रात पैसे देऊन करवून घेतलेल्या चिन्हाची कोरल फाइल बहुधा तिथल्याच संगणकात राहते आणि स्वतंत्र चित्रकाराने केलेल्या अशा कामाचा कॉपीराइट सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. तो व्यावसायिकाकडे यायचा तर लेखी हस्तांतरण लागते, आणि त्या लेखात मुदत नमूद नसेल तर कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार ती पाच वर्षांची धरली जाते.