कॉइलोव्हर स्प्रिंग आणि मोटारीची उंची

पाम बीच मार्गासारख्या सरळ, सपाट रस्त्यासाठी मोटार खाली बसवू पाहणाऱ्यास नवी मुंबईतीलच अंतर्गत रस्त्यांवरील गतिरोधकांचेही भान ठेवावे लागते. कॉइलोव्हर म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरभोवतीच बसविलेली स्प्रिंग; तिच्या बुडाची कडी मळसूत्री आट्यांवर वरखाली फिरविता येते. कडी आवळल्याने स्प्रिंग कडक होते, असा समज आढळतो. समान ताठपणाच्या स्प्रिंगपुरता तो निराधार होय. स्प्रिंगवर ३०० किलोग्रॅम भार असेल व दर मिलिमीटर दबण्यास ६ किलोग्रॅम लागत असतील, तर कडी कोठेही असली तरी उभ्या मोटारीखाली ती ५० मिलिमीटरच दबलेली राहील. कडी २० मिलिमीटर उतरविल्यास मॅकफर्सन रचनेत मोटार जवळजवळ तितकीच खाली येते. परंतु दट्ट्याचा उरलेला पल्लाही तेवढाच घटतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद सांगितला होता. प्रत्यक्षातील कित्येक त्याहून अरुंद व उभे असतात, हे वाहनचालकास सांगावयास नकोच. तेथे पल्ला संपून दट्ट्या रबरी ठोकळ्यावर आदळतो. खाली बसविलेली मोटार कडक वाटते, ती बहुधा यामुळेच. ज्या कॉइलोव्हरचा खालचा आधार स्वतंत्रपणे फिरतो, त्याची एकूण लांबीच कमी करता येते व पल्ला शाबूत राहतो. टायर मडगार्डला घासणार नाही, एवढे मात्र पाहावे.

उंची मोजावी ती सपाट जमिनीवर, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, आणि तीही मोटार थोडी चालवून आणल्यावर. जॅकवरून नुकतीच उतरविलेली मोटार खरी उंची दाखवीत नाही. मग चाकांची अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावी, एरवी टायर एका कडेने झिजतात.