अडते ते गणित की इंग्रजी?

इंग्रजी माध्यमाच्या सातवीतील विद्यार्थ्याला ‘फाइव्ह लेस दॅन अ नंबर’ हे बीजगणिताच्या भाषेत लिहावयास सांगितले, तर पुष्कळदा उत्तर येते : ५ वजा क्ष. शब्द ज्या क्रमाने कानी पडले त्याच क्रमाने ते मांडले गेले. बरोबर उत्तर आहे क्ष वजा ५. गुणपत्रिकेत ही चूक गणिताच्या नावे पडते. वास्तविक ती इंग्रजीच्या खात्यातील असते.

हा घोटाळा फार लहान वयात सुरू होतो. घरात मराठी, गुजराती वा मारवाडी, कोणतीही बोली असो, ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि वीस मागून. शाळेतील ‘ट्वेंटी फाइव्ह’मध्ये नेमके उलट. मग मूल २५ च्या जागी ५२ लिहिते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात बरीच थट्टा झाली. पण मुलांची अडचण खरी होती.

भरलेल्या वर्गात शिक्षकाला केवळ चुकलेले उत्तर दिसते, चुकीचे मूळ दिसत नाही. एकट्या विद्यार्थ्याशेजारी बसणाऱ्याला ते दिसू शकते. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली मांडले की, वैयक्तिक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे गेला. नंतरच्या अभ्यासांत हा लाभ बराच कमी आढळला. तरी लाभ होतो, हे मात्र टिकून राहिले.

आपल्या घरांत शिकवणीचे काय होते? आईवडील दुकानात, शिक्षक सायंकाळी येतात, शाळेचा गृहपाठ तासाभरात उरकला जातो, वही नीटनेटकी दिसते. जुने कर्ज नव्या कर्जाने फेडून खाते नियमित दाखवावे, तसाच हा प्रकार. आठवीचा मुलगा शेकडेवारीत अडत असेल आणि मूळ दोष पाचवीच्या अपूर्णांकांत असेल, तर चांगला शिक्षक काही आठवडे पाचवीतच घालवील. पालकांना हे बहुधा रुचत नाही. ‘अभ्यासक्रम मागे पडतो,’ अशी तक्रार लगेच होते.

दोष शोधण्याची रीत साधी आहे. उदाहरण मुलाने मोठ्याने वाचावे आणि नंतर घरच्या बोलीत सांगावे. सांगता आले नाही, तर अडचण इंग्रजीची. सांगता आले पण मांडता आले नाही, तर गणिताची. व्यापारी घरातील मुलांना यात मोठी सोय आहे. २० टक्के सूट आणि तीवर आणखी १० टक्के, म्हणजे शंभराचा माल बहात्तरला, हे गल्ल्यावर बसणाऱ्या मुलीला ठाऊक असते. तीच मुलगी पुस्तकातील ‘सक्सेसिव्ह डिस्काउंट’ पाहून बिचकते आणि सरळ ३० टक्के वजा करते. दुकानाच्या बिलावरून आधी मराठीत, मग इंग्रजीत, असा क्रम ठेवणारा शिक्षक तिला हवा. नवव्या शतकातील महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त व्याजाची आणि सोन्याच्या मिश्रणाची उदाहरणे संस्कृत पद्यात घातली, तेथेही श्लोक उलगडल्याशिवाय हिशेब सुरू होत नाही.

शाळेच्या वर्गशिक्षकांनाच घरी बोलावण्याचा आग्रह काही पालक धरतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणीस मनाई केली आहे, हे ध्यानात असलेले बरे.

निदान चुकले, तर किंमत मोठी पडते. ‘गणितात कच्ची’ असा शिक्का एकदा बसला की मुलगी अकरावी वाणिज्यला ऐच्छिक गणित सोडते. पुढे सीए व्हायचे ठरले, की फाउंडेशन परीक्षेतील गणित-संख्याशास्त्राची प्रश्नपत्रिका समोर उभी राहते, आणि तोवर मधली दोन वर्षे गेलेली असतात.

महिनाअखेरीस शुल्क देण्यापूर्वी वही तपासण्याऐवजी मुलाला इंग्रजीतील एक शाब्दिक उदाहरण वाचावयास द्यावे, आणि ते आजीला समजेल असे सांगावयास लावावे. उत्तर नंतर काढले तरी चालेल.