सव्वा किलोचा संसार

आमचे पेठ वडगाव बाहेरच्या माणसाला बाजारामुळे ठाऊक असते, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला सेनापती धनाजी जाधवांच्या समाधीमुळे. १७०८ साली धनाजींनी इथे देह ठेवला. ज्या औरंगजेबाशी ते झुंजले त्याची छावणी म्हणजे एक चालते शहरच होते : तोफा, तंबू, बुणगे, जनानखाना. मराठी स्वाराची मदार होती ती हलक्या सामानावर. अशा गावात राहून माझ्या टेबलाखाली मात्र पंधरा वर्षे संगणकाची मोगली छावणी पडली होती!

खोके, पडदा, कळफलक, तारांचे जंजाळ आणि यूपीएस नावाचा विटांसारखा जड डबा. २००७ साली हे सारे घरी आले तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. वीज गेली की डबा टिटवीसारखा ओरडू लागे आणि दहा मिनिटांत हातातला मजकूर उरकून उठावे लागे. त्या काळच्या माझ्या लेखांतली वाक्ये आखूड आहेत. काही स्नेही त्याचे श्रेय माझ्या शैलीला देतात. खरे श्रेय त्या डब्याचे आहे.

दोन वर्षांपूर्वी ही छावणी उठवली आणि सव्वा किलोच्या लॅपटॉपवर सगळा संसार मांडला. प्रवासापुरता जोडीचा म्हणून घेतला नाही. हाच एकुलता एक. घर, कॉलेज आणि कोल्हापूरची वीसेक किलोमीटरची एसटी, तिन्ही ठिकाणी तोच.

उचलून न्यायच्या संगणकाची कल्पना तशी जुनी. १९८१ साली अॅडम ऑस्बर्न यांनी असे यंत्र बाजारात आणले. हे गृहस्थ आपल्याला अगदीच परके नव्हेत. त्यांचे बालपण तामिळनाडूत तिरुवण्णामलैला गेले आणि २००३ साली त्यांचा शेवटही कोडाईकनालला झाला. त्यांचे यंत्र शिवणयंत्राएवढे होते. वजन सुमारे अकरा किलो, पडदा पाच इंची. म्हणजे उचलता येई खरे, पण उचलणाऱ्याची तालीम हवी. (आमच्या कोल्हापूर भागात त्याला अडचण पडली नसती.) पुढे २००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला, आणि पातळ यंत्राची हौस जगभर पसरली.

पण हलके यंत्र एकट्याने सगळे काम पेलेल काय? हाच प्रश्न मला जो तो विचारतो. उत्तर तुमचे काम काय यावर आहे. माझे काम अक्षरांचे. आणि अक्षरांना किती जागा लागते, याचा हिशेब एकदा करून पाहावा. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. साडेतीन लाख चिन्हांचे, म्हणजे साधारण दोनशे पानांचे पुस्तक सुमारे एक एमबीत मावते. माझ्या यंत्रात २५६ जीबी जागा आहे. यंत्राच्या स्वतःच्या कारभाराला निम्मी दिली, तरी अशी लाखभर पुस्तके बसतील. एवढी लिहायला सात जन्म पुरणार नाहीत. पानांची छायाचित्रे आणि चित्रफिती मात्र जागा खातात. चित्रफिती कापायच्या-जोडायच्या असतील तर माझ्यासारखे यंत्र घेऊ नये. त्याला घाम फुटतो.

माझे खरे ओझे त्या खोक्याच्या लोखंडात नव्हते; ते फॉन्टांत होते. वारणाकाठच्या चार-पाच गावांतल्या बायकांकडून मी अकराशे ओव्या टिपल्या होत्या. त्यांत माझ्या आईच्याही होत्या. सांगणाऱ्यांपैकी निम्म्या आज हयात नाहीत. हे सगळे जुन्या पद्धतीच्या फॉन्टात होते, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांची चित्रे बसवलेली. नव्या यंत्रावर तो फॉन्ट नव्हता. फाईल उघडली तर इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी!

युनिकोडने १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आहे. त्यामुळे तसा मजकूर कुठल्याही यंत्रावर वाचता येतो. जुने नव्यात आणणारी साधने मिळतात, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांपाशी ती अडखळतात. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी उमटवायची, युनिकोडात ती अक्षरानंतर येते. रफाराचे नेमके उलट. मग 'सूर्य' चा 'सूयर्' होतो. उन्हाळ्याची सारी सुटी मी अकराशे ओव्या ओळीओळीने तपासत बसलो. आई शेजारी बसून आपल्या ओव्या पुन्हा म्हणे, आणि मी पडद्याशी ताडून पाही. दोन ठिकाणी तिने मूळ टिपणातलाच शब्द बदलायला लावला. "एवढ्याशा पाटीत सगळ्या बसल्या व्हय?" असे तिने विचारले तेव्हा मी पडदा तिच्याकडे वळवला. तिला वाचता येत नाही. तरी बराच वेळ पाहत राहिली.

घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. आमचा दुकानदार म्हणाला, "सर, आठ जीबीवर थांबू नका. ह्यात रॅम बोर्डावरच डाखलेली असतीय, मागनं वाढवता येत न्हाई." सल्ला सोन्यासारखा होता; मी सोळा घेतली. बहुतेक पातळ यंत्रांत अशीच स्थिती असते. कळांवर दुकानातच अर्धे पान मराठी लिहून पाहावे. २००७ मधला आसुसचा सात इंची ईई पीसी किलोच्याही आत होता, पण त्याच्या कळा लहान मुलांच्या बोटांच्या. वजन कमी आणि कळा पुऱ्या मापाच्या, हे तेरा-चौदा इंचांत जमते. घरी यंत्र लाकडी खोक्यावर ठेवून वेगळा कळफलक जोडावा; नाहीतर मान ओणवी राहून दुखते. कॉलेजातल्या जुन्या प्रोजेक्टरची निळ्या टोकाची तार ह्याला लागत नाही. त्यासाठी जोडणी खिशात बाळगावी लागते, आणि ती नेमकी तासाच्या वेळी घरी राहते.

वीज गेली तर आता काही बिघडत नाही. भीती वेगळीच आहे : सगळे एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण पिशवीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद होता. तेव्हा वारणाकाठच्या माझ्या एका विद्यार्थ्याचा टेबलाखालचा संगणक पाण्यात गेला. हलके यंत्र काखोटीला मारून माळ्यावर नेता येते, पण ते एसटीत विसरताही येते. म्हणून माझी एक प्रत इंटरनेटवरच्या साठवणीत रोज जाते, दुसरी घरच्या डिस्कवर दर रविवारी. तिसरी डिस्क इचलकरंजीला बहिणीच्या कपाटात असते. भाऊबीजेला ओवाळून झाले की मी नवी ठेवतो आणि गेल्या वर्षीची घेऊन येतो.