विरळ हवेतली पाती

2013 साली डीजेआय कंपनीचा पहिला फँटम ड्रोन बाजारात आला तेव्हा त्याला स्वतःचा कॅमेराही नव्हता. पोटाखाली गोप्रो अडकवायचा आणि वारा पडलेला बघून उडवायचा, एवढीच त्याची ऐपत. 2016 मध्ये घडी घालून पाठपिशवीत मावणारा मॅव्हिक प्रो आला आणि ड्रोन गिर्यारोहकांच्या सामानात शिरला. त्याच्या माहितीपत्रकात उड्डाणाची मर्यादा 5,000 मीटर लिहिली होती: एकावर एक तीन कळसूबाई. पण के-टूचा बेस कॅम्पच जवळपास तेवढ्या उंचीवर आहे. म्हणजे चढाई जिथे सुरू होते, तिथेच कंपनीची हमी संपत होती.

ही हमी कोणी फारशी मनावर घेतली नाही. जुलै 2018 मध्ये पोलंडचा आंद्जेय बार्गिएल के-टूच्या माथ्यावरून स्कीवर उतरणार होता आणि त्याचा भाऊ बार्टेक चित्रीकरणासाठी ड्रोन घेऊन आला होता. त्याच सुमारास शेजारच्या ब्रॉड पीकवर स्कॉटिश गिर्यारोहक रिक ॲलन बेपत्ता झाला. तो गेला असंच लोक धरून चालले होते. बार्टेकच्या ड्रोनने त्याला जिवंत शोधून काढलं आणि बचाव पथकाला नेमकी जागा कळली. ड्रोनच्या उंच डोंगरांवरच्या कारकिर्दीत याहून मोलाचं उड्डाण सापडणं कठीण.

एवढ्या उंचीवर ड्रोन उडवण्यात अडचण दुहेरी असते. 5,000 मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या 60 टक्क्यांच्या आसपास उरते; नुसतं तरंगायलाही पात्यांना जवळपास 30 टक्के जास्त वेगाने फिरावं लागतं. मग वाऱ्याशी झुंजायला मोटरकडे उरतं काय? मॅव्हिक प्रो साध्या मोडमध्ये ताशी 36 किलोमीटरच्या आसपास जायचा. समोरून 40चा वारा आला की परतीच्या वाटेवरचं यंत्र त्या मोडमध्ये पूर्ण जोर लावूनही मागेच सरकणार. कड्याच्या आडोशाला तर वारा वरून खाली कोसळतो. त्यात लिथियम बॅटरी थंडीत लवकर मान टाकते. म्हणून बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगेत, दिवसा जॅकेटच्या आतल्या खिशात. आणि उडाल्यावर लगेच वर न पळवता मिनिटभर समोरच तरंगत ठेवायचं, म्हणजे बॅटरीला ऊब येते. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, येताना वारा पाठीशी घ्यायचा.

2019 मध्ये रेनान ओझतुर्कने एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला ड्रोन उडवला तो 1924 साली तिथेच हरवलेल्या गिर्यारोहक सँडी अर्व्हिनच्या शोधात. छायाचित्रं भरपूर मिळाली, अर्व्हिन नाही. 2024 मध्ये त्याचं पाऊल बुटासकट सापडलं, ते पार खाली, मध्य रोंगबुक हिमनदीवर.

2022 मध्ये मॅव्हिक 3 एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडाला. दृश्यं देखणी होती, पण ती शेवटी जाहिरातच.

खरा बदल एप्रिल 2024 मध्ये दिसला. फ्लायकार्ट 30 या मालवाहू ड्रोनने एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या बाजूने बेस कॅम्पवरून कॅम्प 1 ला ऑक्सिजनच्या बाटल्या पोचवल्या आणि येताना कचरा आणला. जाऊन-येऊन साधारण 12 मिनिटं. शेर्पांना हीच वाट खुंबू हिमप्रपातातून जीव मुठीत धरून तासन्‌तास तुडवावी लागते. पुढच्या हंगामात शिड्या आणि दोरही असेच वर गेले.

सप्टेंबर 2025 मध्ये आंद्जेय बार्गिएल कृत्रिम ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्टवर चढला आणि स्कीवर उतरला. शेवटचा टप्पा होता खुंबूचा. तिथे बार्टेक ड्रोनमधून बर्फाच्या भेगा पाहून भावाला वाट सांगत होता.