कुत्र्याचा पाय चिघळतो तेव्हा

मे महिन्यातली दुपार. आमच्या गल्लीतली नऊ वर्षांची मुलगी रडत दारात उभी राहिली. हातातून रक्त येत होतं आणि जखमेवर लाल तिखट थापलेलं. विहारापुढं राहणारा मोती तीन पायांवर लंगडत होता, म्हणून तिनं त्याचा पाय फिनेलच्या पाण्यानं धुवायला घेतला. भाजलेल्या कातडीवर फिनेल पडल्यावर मुका जीव काय करणार? चावला. तिखट आजीनं लावलं होतं, मायेनंच.

नळाला पाणी नव्हतं. पिंपातलं पाणी तांब्या-तांब्यानं ओतत, साबण लावत आम्ही ती जखम घड्याळ लावून १५ मिनिटं धुतली. मग तडक सरकारी दवाखाना. जखम खोल होती, म्हणून लसीबरोबर सिरमही द्यावं लागलं. कुत्रा ओळखीचा आहे, घरचाच आहे, म्हणून थांबू नका. लस त्याच दिवशी सुरू करायची आणि कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायचं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही. मात्र लक्षणं येण्याआधी जखम धुऊन लस वेळेत आणि पूर्ण घेतली तर हा मृत्यू टाळता येतो. पहिल्या डोसनंतर हात बरा दिसतो म्हणून पुढचे डोस चुकवणारी माणसं मी नोकरीत असताना फार पाहिली.

दुसऱ्या दिवशी मोतीचा पाय नीट पाहिला. पंज्याच्या काळ्या गादीवर फोड येऊन फुटले होते. रस्ता नुकताच काँक्रीटचा झालेला, झाड एकही नाही. भर उन्हाळ्यात डांबर आणि काँक्रीट हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. हवा ४० अंशांवर असेल तर डांबर ६० च्याही पुढं जातं. आपल्या पायात निदान स्लिपर असते. आपल्या हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघा. ७ सेकंद ठेवता आली नाही, तर त्या रस्त्यावर कुत्र्याला नेऊ नका. सकाळी ऊन चढायच्या आत आणि रात्री रस्ता निवल्यावर न्या. दिवेलागणीलासुद्धा डांबर गरम असतं, तेव्हा हात टेकवूनच ठरवा.

दुसरं कारण आपल्या वस्तीत घरोघरी ओळखीचं आहे: ओलं सिमेंट. बिगारी कामाला जाणाऱ्या बायांच्या पायाच्या बोटांत ज्या जखमा होतात, त्याच कुत्र्याच्या बोटांत होतात. सिमेंट क्षारानं भाजतं, वाळलं की बोटांतल्या केसांना चिकटतं, आणि कुत्रं चाटून तोंडही भाजून घेतं. भरपूर साध्या पाण्यानं लगेच धुणं, एवढाच इलाज. गटारावर मारलेली ब्लीचिंग पावडर आणि घराघरांतलं फिनेल यांचंही तेच.

पावसाळ्यात दुखणं बदलतं. चिखलातून आलेले पाय ओलेच राहतात, बोटांच्या बेचक्यात बुरशी धरते. कुत्रं सारखं पंजा चाटतं, चाटल्यानं ओल आणखी वाढते. पांढऱ्या कुत्र्याच्या पंज्याचे केस तांबूस दिसू लागले तर तो लाळेचा रंग आहे, रक्त नव्हे. म्हणजे ते बरेच दिवस चाटतंय. आंबूस वास आला तर बुरशी असण्याचा संभव मोठा. अजून एक खूण: एकच पाय चाटत असेल तर आधी काटा, काच, खिळा, बोटांत रुतलेली गोचीड शोधा. चारही पाय लाल असतील तर भाजणं, बुरशी किंवा अंगातली खाज.

आता घरी काय करायचं. बाहेरून आल्यावर कोमट पाण्यात पंजा बुडवून बोटांमधली माती काढा. आपल्या हातावर चीर असेल तर हाताला स्वच्छ प्लास्टिकची पिशवी बांधा, कारण पावसाळी पाण्यात उंदराच्या मुतातून लेप्टोचे जंतू येतात. ते कुत्र्यालाही होतात आणि कुत्र्याच्या मुतातून आपल्यालाही. मग जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं बेचकं न बेचकं कोरडं करा. सगळ्यात जास्त गुण या पुसण्याचा, आणि तेच आपण विसरतो. लहान जखम असेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात दीड छोटा चमचा मीठ घालून त्यानं धुवा. पोव्हिडोन आयोडीन घरात असेल तर फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करा, पंजा दोन-तीन मिनिटं बुडवा आणि पुसा. नुसत्या भेगा असतील तर रात्री खोबरेल तेलाचं बोट पुरे. ओल्या, वास येणाऱ्या पंज्याला तेल नको. भाजलेल्या पंज्यावर साधं गार पाणी ओता. बर्फ नको, फोड फोडू नका.

दुखणाऱ्या पायाला हात लावण्याआधी मोठ्या माणसानं कुत्र्याच्या तोंडाला सैल चिंधी बांधावी. धापा टाकत असेल तर बांधू नये, आधी सावलीत पाणी पाजावं. हे काम लेकरांवर सोपवू नका.

गॅरेजमधलं जळकं ऑइल, रॉकेल, चुना, फिनेल यातलं काहीही लावू नका. कुत्रं ते चाटणार आणि विष पोटात जाणार. घरातली तापाची, अंगदुखीची गोळी तर मुळीच देऊ नका. आपल्याला चालणाऱ्या गोळीनं कुत्र्याचं लिव्हर, किडनी जाऊ शकते, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आणि मेडिकलवाल्याकडची ती खाजेची 'भारी' ट्यूब. तिच्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी दुप्पट पसरते. आपल्या माणसांच्या गजकर्णाचं याच ट्यूबनं किती वाटोळं केलंय, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

पंजा सुजला, पू आला, पाय टेकवेना किंवा दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. तिथं केसपेपरचा खर्च थोडा असतो. त्याच फेरीत रेबीजची वार्षिक लस टोचून घ्या. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं जुनं रुग्णालय आहे.

विहारात हे बोलले तेव्हा एक आजोबा रागावले. "चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि आपल्याला बंदी होती. आता तुम्ही कुत्र्यांचे पाय धुवायला सांगता?" त्यांचा राग मला कळतो. १९२७ च्या आधी तिथं तसंच होतं. पण बंदी घातली होती माणसांनी. मोतीनं नाही. आणि पंचशीलातलं पहिलं शील म्हणताना आपण त्यात फक्त माणूस धरत नाही. आजोबा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांच्या दारापुढं, लिंबाच्या सावलीत, पाण्याची फुटकी कुंडी दिसली. मोती तिथंच पडलेला असतो. पंज्याची नवी कातडी अजून गुलाबी आहे, म्हणून दुपारी त्याला रस्त्यावर जाऊ देत नाही.

मुलीचा एक डोस राहिलाय. तारीख मी तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीय.