राक्षस मारणे सोपे, बाप होणे कठीण!

घरातले तरुण मूल तासन् तास व्हिडिओ गेमपुढे बसले की मोठ्यांचा पारा चढतो. ‘यातून शिकायला काय मिळते?’ हा प्रश्न ठरलेलाच. ‘द विचर’ या गेमच्या चाहत्यांकडे मात्र त्याचे उत्तर तयार असते. त्यांच्या मते, हा गेम मुलांपेक्षा आईबापांनाच जास्त शिकवून जातो.

‘द विचर’चा जन्म पुस्तकातून झाला. पोलिश लेखक आन्द्रेय सापकोव्स्की यांनी एका मासिकाच्या स्पर्धेसाठी लिहिलेली पहिली कथा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे कथासंग्रह आले आणि १९९४ ते १९९९ या काळात पाच कादंबऱ्या. नायक गेराल्ट पैसे घेऊन राक्षस मारतो. त्याला स्वतःचे मूल होऊ शकत नाही. नियती सिरी नावाची राजकन्या त्याच्या पदरात टाकू पाहते, पण जबाबदारीच्या भीतीने तो तिला टाळत राहतो. शेवटी युद्धात सारे काही गमावलेली ती पोर त्याला पुन्हा भेटते आणि तो तिला आपली मानतो. बाकी जादू, लढाया, राजकारण खूप आहे. पण चाहत्यांच्या लेखी या कादंबऱ्यांचा प्राण म्हणजे हे बाप-लेकीचे नाते.

वाचक पाहतो, खेळणारा ठरवतो

पुस्तकात गेराल्ट कसा वागला हे वाचक फक्त पाहतो. २०१५ मध्ये आलेल्या तिसऱ्या गेममध्ये मात्र बाप कसा वागणार हे खेळणाऱ्यालाच ठरवावे लागते. सिरी आता तरुण झाली आहे. ती खचून बसली असता ‘प्रत्येक गोष्ट तुला जमलीच पाहिजे असे नाही’ म्हणून समजूत घालायची, की बर्फाचे गोळे फेकत तिच्याशी खेळायचे? बलाढ्य जादूगारणींपुढे तिला एकटीने बोलू द्यायचे, की काळजीपोटी सोबत जायचे? तिला मदत करणाऱ्याच्या कबरीवर ती निघाली, तर घाई आहे म्हणायचे, की बरोबर चालायचे?

असे प्रसंग चार-पाचच. निवड बरोबर की चूक, हे त्या वेळी गेम सांगत नाही. शेवटच्या संकटात सिरी एकटी पुढे जाते तेव्हा तिला हेच क्षण आठवतात. बापाने विश्वास टाकला असेल तर ती परत येते, सारखे सांभाळत आणि अडवत राहिला असेल तर येत नाही. काळजी करणाऱ्या बापाच्याच हातून लेक निसटते! हा शेवट पाहून कित्येकांनी गेम पहिल्यापासून खेळायला घेतला. खऱ्या आयुष्यात तशी सोय नसते.

चाहत्यांतही मतभेद

पुस्तकनिष्ठ चाहत्यांना सारेच पटते असे नाही. कादंबऱ्यांचा शेवट हळवा आणि गूढ होता, गेमने मेलेली माणसे उठवून कथा पुढे ओढली, ही त्यांची जुनी तक्रार. डिसेंबर २०२४ मध्ये चौथ्या गेमची झलक आली आणि तिची नायिका सिरी असल्याचे कळताच नवा वाद पेटला. गेराल्टशिवाय ‘विचर’ कसला, असे काही जण म्हणाले. इतरांनी उत्तर दिले, बापाने विश्वास टाकला तो लेकीने पुढे जावे म्हणूनच ना! त्याच वर्षी सापकोव्स्की यांची तरुण गेराल्टवरची नवी कादंबरी पोलंडमध्ये प्रसिद्ध झाली. त्यामुळे जुन्या नायकाचे चाहतेही रिकाम्या हाती राहिले नाहीत.

एक सावधगिरी मात्र हवी. हा गेम प्रौढांसाठी आहे, त्यात हिंसा आणि शृंगार दोन्ही भडक आहेत. लहान मुलांच्या हाती तो देऊ नये. पण घरातला मोठा मुलगा किंवा मुलगी तो खेळत असेल, तर रागावण्याआधी घटकाभर शेजारी बसून पाहावे. त्या क्षणी कदाचित सिरी बापाकडे पाहत असेल आणि काय उत्तर द्यावे या विचारात आपले मूल थबकलेले असेल.