मनोरुग्णांच्या शरीराकडेही लक्ष हवे

मनोरुग्णालयातील रुग्णाने छातीत दुखत असल्याची तक्रार केली, तर ती भ्रमाचाच भाग समजली जाण्याचा धोका असतो. गंभीर मानसिक आजार असलेल्या व्यक्तींचे आयुर्मान सर्वसामान्यांपेक्षा १० ते २० वर्षांनी कमी असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातील बहुतेक मृत्यूंचे कारण हृदयविकार, श्वसनविकार, संसर्ग यांसारख्या शारीरिक व्याधी हेच असते. म्हणूनच ब्रिटनमधील मनोरुग्णालयांत साहाय्यक कर्मचाऱ्यांनाही प्राथमिक शारीरिक नोंदी घेण्याचे प्रशिक्षण दिले जाते.

सहा नोंदी, एक बेरीज

तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये तयार केलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली 'न्यूज-२' ही गुणपद्धती यासाठी वापरली जाते. श्वसनाचा वेग, रक्तातील ऑक्सिजन, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि तापमान या प्रत्येक नोंदीला शून्य ते तीन गुण दिले जातात. मिनिटाला १२ ते २० श्वास असल्यास शून्य, तर २५ वा अधिक असल्यास तीन गुण. बेरीज पाचवर गेली की तातडीने तपासणी आणि सातवर गेली की आपत्कालीन उपचार, असा दंडक आहे.

श्वास मात्र यंत्राविना, पूर्ण एक मिनिट आणि शक्यतो रुग्णाच्या नकळत मोजावा लागतो. कारण लक्षात येताच त्याची गती बदलते. रुग्णाने स्पर्श नाकारला, तरी श्वास, त्वचेचा रंग आणि शुद्धी दुरूनही पाहता येतात.

औषधांवरही नजर

क्लोझापिनमुळे काही रुग्णांतील पांढऱ्या पेशी घटतात. अशा वेळी साधा ताप वा घसादुखीही गंभीर ठरू शकते. याच औषधाने होणारे तीव्र बद्धकोष्ठ प्राणघातक होऊ शकते. लिथियम घेणाऱ्यास उलट्या, जुलाब आणि हातांना कंप सुटल्यास विषबाधेची शंका घ्यावी लागते. मनोविकारावरील औषधे सुरू असताना तीव्र तापासह अंग ताठरले, तर ती आपत्कालीन स्थितीच होय. प्रक्षुब्ध रुग्णास इंजेक्शनद्वारे शांत केल्यानंतर किमान दर तासाला नोंदी घ्याव्यात, असे ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

निदान करणे हे साहाय्यकाचे काम नव्हे. बदल ओळखणे, तो लिहिणे आणि विलंब न लावता परिचारिकेस सांगणे, एवढीच त्याची जबाबदारी. नुसताच कागदावर राहिलेला आकडा रुग्णाला वाचवीत नाही. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांतही रुग्णांची दैनंदिन शुश्रूषा परिचरांच्याच हातून होते. त्यामुळे हा धडा महाराष्ट्रासाठीही तितकाच मोलाचा आहे.